त्यांच्या तोंडी माझा आवाज

माझा आवाज चांगला आहे हे मला डिचोलीच्या बाजारात कळलं. एका नाटकाची जाहिरात करायला जीपवर कर्णा बांधला होता आणि नेहमीचा माणूस तापाने पडला होता. मी नाटकवाल्यांच्या ओळखीचा, म्हणून त्यांनी माझ्या हातात माईक दिला. मासळीबाजारापासून बसस्टँडपर्यंत मी ओरडत गेलो. दुकानांतून लोक बाहेर येऊन बघायला लागले, आणि त्या दिवसापासून माझी मान जरा ताठ झाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. खाणीच्या वर्कशॉपात सुट्या भागांच्या गोदामावर नोकरीला होतो. वडील खनिजाचा ट्रक चालवत. ते तरुणपणी सावंतवाडीकडून आले आणि कारापूरला एका खोलीत राहिले. त्या खोलीचं पुढे घर झालं. घरी आम्ही त्यांचीच बोली बोलायचो. ती अर्धी मालवणी, अर्धी कोंकणी. घराबाहेर मात्र मी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायचो आणि त्याचा मला अभिमान होता.

ते दिवस भाषेचे होते. गोवा राज्य व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. कुठली भाषा राजभाषा व्हावी यावरून घराघरांत वाद होते. सभा व्हायच्या आणि सभेला माईकवर बोलणारा लागायचा. मला मराठीवाल्यांकडून बोलावणं यायचं तसंच कोंकणीवाल्यांकडूनही यायचं. मी दोन्हीकडे गेलो. दोन्हीकडे 'आपली माय' म्हणताना गळा भरून आणला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपल्याला सगळं जमतं असं वाटलं.

अशात पणजीला आवाजाचं तीन दिवसांचं शिबिर असल्याचं समजलं. रेडिओवर, माहितीपटांत, जाहिरातींत बोलू इच्छिणाऱ्यांसाठी ते होतं. मी अर्ज केला, निवड झाली, रजा टाकली आणि सकाळच्या पहिल्या बसने गेलो.

शिकवायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. साठीच्या आसपास, बुटक्या, पांढरी सुती साडी. रेडिओवरच्या नाटकांत त्यांनी उभा जन्म काढला होता. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हा पंधराजणांना जमिनीवर उताणं झोपवलं आणि प्रत्येकाच्या पोटावर एक जाड पुस्तक ठेवलं. "श्वास घ्या. पुस्तक वर यायला हवं. छाती नाही, पुस्तक." तासभर तेच. मला हसू येत होतं. मग त्यांनी एकेकाला माईकपुढे उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा मी माझी जीपवरची जाहिरात खणखणीत म्हणून दाखवली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे. पण तुम्ही बाजाराशी बोलताय. माईक म्हणजे बाजार नव्हे. तो एका माणसाचा कान आहे. एवढ्या जवळ येऊन कुणाच्या कानात असं ओरडाल का?"

मी ओशाळलो, पण त्या बोलल्या ते खरं होतं. दोन दिवसांत त्या बाईंनी मला जे दिलं ते मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. 'प' आणि 'भ' म्हणताना तोंड किंचित बाजूला कसं वळवायचं, कागद न वाजवता कसा सरकवायचा, वाक्याच्या शेवटी आवाज का पडतो आणि पडू नये म्हणून श्वास आधीच कुठे घेऊन ठेवायचा. माझ्या गळ्यात जे होतं ते निव्वळ कच्चं होतं हे मला पहिल्यांदा दिसलं.

त्याच पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, "घरी कसं बोलता? घरच्या बोलीत दोन वाक्यं म्हणा." कुणी काणकोणचं बोललं, कुणी बारदेशचं. मी म्हणालो, "आमच्या घरी शुद्ध मराठीच बोलतात." बाईंनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि पुढच्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण दिग्दर्शक शिबिरात आला. पेडणे तालुक्यातल्या खाजन शेतीवर तो छोटा माहितीपट करत होता. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात, त्यांत पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी फळ्यांची दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. त्या बांधांची राखण जन्मभर करणारे एक म्हातारे त्याच्या माहितीपटात बोलत होते. त्याला त्यांच्या जागी बोलणारा आवाज हवा होता. एक प्रत मराठीत, एक कोंकणीत. आम्हा सगळ्यांचं ऐकून त्याने मला निवडलं. ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

मी आनंदात बाईंना सांगायला गेलो. त्या चष्मा पुसत होत्या.

"उद्या जाऊ नका," त्या म्हणाल्या. "उद्या मी दुसऱ्या माणसाच्या जागी कसं बोलायचं ते शिकवणार आहे. तुम्ही तेच काम घेतलंय ना?"

"बाई, अशी संधी परत यायची नाही."

"संधीचं मी काही म्हणत नाही. तुमची तयारी नाही."

मला राग आला. दोन दिवस कौतुक करून आता अडवतात, असं वाटलं. मी निघालो आणि तिसऱ्या दिवशी शिबिराला गेलो नाही.

स्टुडिओ म्हणजे पणजीतल्या एका जुन्या घराची मागची खोली होती. खिडक्या घोंगड्यांनी बंद केलेल्या, भिंतींना काथ्याच्या चटया ठोकलेल्या. छोट्या टीव्हीवर चित्र चालायचं आणि त्याकडे बघत बोलायचं. आधी दिग्दर्शकाने मला म्हाताऱ्यांचा मूळ आवाज ऐकवला.

ते बांधावर उकिडवे बसले होते. अंगात बिनबाह्यांचा बनियन, डोक्याला पंचा. दात बरेचसे गेलेले. आणि ते माझ्या वडिलांसारखं बोलत होते. शब्द तेच, हेल तोच, वाक्य सुरू करायच्या आधी 'आनी' म्हणून थांबायची लकबही तीच. बांधाला आतून पाझर लागला तर तो डोळ्यांना दिसत नाही, मातीला कान लावून ऐकावा लागतो, असं ते सांगत होते.

"काय बोलतो समजतं का तुला?" दिग्दर्शकाने विचारलं. "ही भाषा ना धड मराठी ना धड कोंकणी. म्हणून तर डब करावं लागतंय."

"थोडंफार समजतं," मी म्हणालो. मला एकूण एक शब्द समजत होता.

मग ते एका दुपारचं सांगायला लागले. मोठी भरती होती, मानशीची एक फळी निसटली, पाणी आत घुसलं. त्यांचा थोरला मुलगा फळी बसवायला खाली उतरला. इथे म्हाताऱ्यांनी मुलाचं नाव घेतलं. नुसतं नाव. मग ते गप्प झाले. टेपवर पाण्याचा आवाज येत राहिला, लांब कुठेतरी कोंबडा आरवला. मला वाटलं टेप संपली. मग ते म्हणाले, "तो वयर इलो नाय." पुन्हा थांबले. मग म्हणाले, "बांद मागीर बांदलो आमी."

दिग्दर्शकाने टेप थांबवली. "ही एवढी शांतता कोण ऐकणार? मला वेळ कमी करायचाय. मजकूर मी नीट लिहून आणलाय."

त्याच्या कागदावर होतं, 'त्या पुरात माझा मुलगा वाहून गेला. पण आम्ही हिंमत सोडली नाही. बांध पुन्हा उभा केला.' मुलाचं नाव कागदावर नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं. अगदी त्याच क्षणी लक्षात आलं. पण बोलून दाखवावं असं वाटलं नाही. एका खेडेगावातल्या मेलेल्या माणसाचं नाव कुणाला हवंय, असंच काहीसं मनात आलं असावं. वर मी आपल्या अकलेने 'माझा मुलगा' या शब्दांवर आवाजाला एक थरथर दिली. बाईंनी दोन दिवसांत शिकवलेला श्वास मी त्या थरथरीसाठी वापरला. एका दमात मराठी झालं, एका दमात कोंकणी. दिग्दर्शकाने माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "रडवलंस रे."

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी ती तीन वाक्यं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

काही महिन्यांनी गोवा राज्य झालं. गावोगाव कार्यक्रम सुरू होते. पेडण्याकडच्या त्या गावानेही देवळाच्या मंडपात आपला माहितीपट लावायचं ठरवलं, आणि दिग्दर्शकाने मलाही बोलावलं. म्हापशाला गाडी बदलून मी दुपारी पोचलो. संध्याकाळी पाचला मंडपाला पडदे लावून अंधार केला. पुढे टेबलावर टीव्ही आणि व्हिडिओ, बाजूला दोन मोठे स्पीकर. सगळं गाव आलेलं. पहिल्या रांगेत ते बांधावरचे म्हातारे आजोबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत नव्या चपला. शेजारी त्यांची मुलगी, चाळिशीची, शेतात राबून हातपाय काळवंडलेली. आजोबा मधूनमधून टीव्हीकडे बघत आणि सदऱ्याची गुंडी चाचपत.

मी मागे, खांबाला टेकून उभा होतो. आपली वाहवा होणार, या आशेने.

आधी खाडी दिसली, बांध दिसला, लोकांनी आपापली शेतं ओळखली. मग आजोबांचा चेहरा आला आणि टाळ्या पडल्या. चेहऱ्याने तोंड उघडलं, आणि त्यातून माझा आवाज आला. सव्वीस वर्षांचा, स्वच्छ, पुस्तकी.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बायकांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं. त्यामागून दुसरं. बघता बघता सगळा मंडप हसायला लागला. त्यात दुष्टपणा नव्हता. रोज ज्या माणसाला बोलताना ऐकतो त्याच्या बोळक्या तोंडातून मास्तरासारखं मराठी बाहेर पडलं तर कोणीही हसेल. पण आजोबा हसत नव्हते. त्यांनी आधी स्पीकरकडे बघितलं. मग ते खुर्चीत मागे वळले आणि लोकांकडे बघू लागले, जणू त्यांच्या मागे बसून कुणीतरी बोलतंय आणि ते त्याला शोधताहेत.

मग ती तीन वाक्यं आली. माझी थरथर आली. त्या थरथरीवरही लोक हसले, आणि मग एकदम, काय चाललंय ते लक्षात येऊन, गप्प झाले. ती शांतता मला अजून ऐकू येते. आजोबांनी मान खाली घातली. पुढचा माहितीपट त्यांनी बघितला नाही. मुलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

दिवे लागल्यावर चहा आणि उंडे-पावाबरोबर भाजी दिली. दिग्दर्शक सरपंचांबरोबर आत निघून गेला. मी कप हातात घेऊन एका बाजूला उभा होतो. तिथे आजोबांची मुलगी माझ्याजवळ आली. मी पणजीच्या मंडळींबरोबरचा दिसत होतो म्हणूनच ती आली असणार.

"बाबांचो आवाज खंय गेलो?" तिने विचारलं. रागाने नाही. एखादी वस्तू हरवली तर विचारतात तसं.

"तो नीट ऐकू येत नव्हता ना," मी म्हणालो. "मशीनमध्ये खरखर होती. म्हणून दुसऱ्याकडून बोलून घेतात."

"मगे तो उलयता तो कोण?"

इथे मला खरं बोलता आलं असतं. एकच शब्द होता. मी म्हणालो, "पणजीचा कोणीतरी आर्टिस्ट असेल. मला नक्की माहीत नाही."

तिच्या मागे आजोबा उभे होते, ते मी बघितलं नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली. मातीला कान लावून पाझर ऐकणारा माणूस तो. माझी दोन वाक्यं त्यांना पुष्कळ झाली.

"हो तोच," ते मुलीला म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. अर्धा भरलेला कप मी मंडपाच्या कठड्यावर ठेवला, गाडी चुकेल असं काहीतरी पुटपुटलो आणि चालायला लागलो. गाडीला अजून पाऊण तास होता. तो मी गावाबाहेरच्या फाट्यावर उभ्याने काढला, कुणी मागून येतंय का ते बघत.

घरी वडिलांनी विचारलं, "कसो जालो पिच्चर?"

"बरो," मी म्हणालो.

त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. ते पानावर बसले आणि आईशी ट्रकच्या ब्रेकविषयी बोलायला लागले, 'आनी' म्हणून मध्येच थांबत. मला त्यांच्याकडे बघवेना. उद्या कुणी यांना प्रश्न विचारले आणि टेप माझ्यापुढे आणून ठेवली, तर हाही आवाज मी असाच पुसला असता.

त्या लाजेने मी काम सोडलं, असं सांगता आलं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. त्या माहितीपटाचं पणजीत कौतुक झालं, त्यावरून मला आणखी तीन कामं मिळाली आणि ती मी केली. फक्त माईकपुढे उभं राहिलो की तो मागे वळून बघणारा चेहरा समोर यायचा आणि वाक्य मध्येच तुटायचं. दोनदा ध्वनिमुद्रण थांबवावं लागलं. मी सर्दीचं कारण सांगितलं.

पुढच्या वर्षी शिबिर पुन्हा झालं. मी पुन्हा अर्ज केला. बाईंनी मला ओळखलं, पण काही विचारलं नाही. पहिले दोन दिवस मी नव्या माणसासारखा पोटावर पुस्तक ठेवून झोपलो. तिसऱ्या सकाळी त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. एकाने आपल्या आयुष्यातली कुठलीही गोष्ट सांगायची, दुसऱ्याने अर्धा तास नुसतं ऐकायचं. लिहून घ्यायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मग उठून तीच गोष्ट, 'मी' म्हणून, सगळ्यांपुढे सांगायची.

"नक्कल करू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही तो माणूस होऊ शकत नाही, त्यामुळे होण्याचा आव आणू नका. तो जिथे थांबला तिथे थांबा. त्याने ज्याचं नाव घेतलं त्याचं नाव घ्या. एवढं पाळलंत तरी पुष्कळ. आवाज हा त्याच्या नंतर येतो."

माझ्या जोडीला फोंड्याची एक परिचारिका होती. तिने आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. साधीच होती. पाठवणीच्या वेळी बहिणीने वळून बघितलं नाही, एवढंच त्यात दुःख होतं. तिथे ती जराशी थांबली होती. मी उठून सांगायला लागलो, त्या जागेवर आलो, थांबलो, आणि पुढे मला बोलताच येईना. सगळे वाट बघत राहिले. बाईंनी मला खाली बसायला सांगितलं.

दुपारी जिन्यात मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. घरी शुद्ध मराठी बोलतो हे खोटं, स्टुडिओतली थरथर, गाळलेलं नाव, मंडपातलं हसणं, आणि मुलीला दिलेलं उत्तर. मला वाटलं होतं त्या समजूत घालतील. त्या जिन्याच्या पायरीवर बसून शांतपणे ऐकत राहिल्या.

"मला सांगून काय उपयोग?" त्या शेवटी म्हणाल्या. "मी त्या गावची नाही."

"आता जाऊन तरी काय सांगू?"

"ते तिथे गेल्यावर कळेल. आधी मूळ टेप मिळते का बघा. त्यांचं त्यांना परत द्या."

मी दिग्दर्शकाकडे गेलो. त्याने खांदे उडवले. टेप महाग म्हणून जुन्या पुसून वापरतात. त्या टेपवर केव्हाच दुसरं काहीतरी भरलं होतं. त्याच्या तोंडावर खेद नव्हता आणि मला त्याच्यावर रागावता येईना. त्याने कागद लिहिला होता, पण बोललो मी होतो.

मग मी मित्राचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि एका रविवारी पेडण्याला गेलो. घरी मुलगी होती. तिने मला ओळखलं आणि बांधाकडे बोट दाखवलं.

आजोबा गुडघाभर चिखलात उभे होते. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली होती, ती ते गवत आणि चिकणमाती कोंबून बुजवत होते. मला बघून ते म्हणाले, "इलंस?" जणू मी येणार हे ठरलेलंच होतं.

मी चपला काढून खाली उतरलो. येताना बसमध्ये जे जुळवलं होतं त्यातलं काही आठवेना. घरच्या बोलीत मी म्हणालो, "माझी चूक जाली, बाबा. तो आवाज माझो. मीच तो."

"ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "आवाज तुजो बरो आसा. माज्यापरास बरो." मग चिखलाचा गोळा बिळात दाबत म्हणाले, "पूण तू नांव घेवक नाय."

ते थांबत थांबत सांगत गेले. मुलगा गेला त्या दिवसापासून त्याचं नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. बायकोला सहन होत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी सगळ्यांनी ते सोडलं. ती गेल्यावरही सवय राहिली. गावातली नवी माणसं तर त्याला ओळखतही नव्हती. मग कुणी परका यंत्र घेऊन आला आणि विचारू लागला, तेव्हा इतक्या वर्षांनी नाव तोंडात आलं. आता हे टीव्हीवर सगळा गाव ऐकेल, म्हणून त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. "बाबा, परत सांगा. मी कायच बदलूचंय नाय."

त्यांनी त्या यंत्राकडे बघितलं. "एकदा सांगलंय," ते म्हणाले. "आता ता परत येवचां नाय."

मी आग्रह केला नाही. ते वळून बिळं दाखवायला लागले. हे खेकड्याचं, हे उंदराचं, याच्यातून पाणी लगेच येत नाही पण चार भरत्यांनी येतं. बांध कुठे ठोकला की भरीव वाजतो, कुठे पोकळ. मी यंत्र चालू केलं आणि कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत ते खेकड्यांविषयी बोलले. मधे खोकले, मधे कितीतरी वेळ काहीच न बोलता माती थापत राहिले. मी यंत्र बंद केलं नाही.

निघताना ते म्हणाले, "आता तू घे."

मला कळलं नाही.

"नांव. तू घे एकदा."

मी त्यांच्या मुलाचं नाव घेतलं. पहिल्यांदा ते माझ्या कमावलेल्या आवाजात निघालं आणि मलाच किळस आली. मी पुन्हा घेतलं, हळू. त्यांनी मान हलवली आणि वाकून पुढचं बीळ बघायला लागले.

दोन वर्षांनी ते गेल्याचं मला म्हापशाच्या बसस्टँडवर त्यांच्या गावच्या एका माणसाकडून कळलं. कॅसेटची एक प्रत स्वतःजवळ ठेवून मी मूळ कॅसेट त्यांच्या मुलीला द्यायला गेलो. तिने शेजारून यंत्र आणलं. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून ती पूर्ण ऐकली. खेकडे, उंदीर, चिकणमाती, खोकला. ती एकदाही रडली नाही. दोनदा हसली. शेवटी तिने कॅसेट काढून पदराने पुसली आणि आत ठेवून आली.

मग म्हणाली, "तुमी त्याच दिसा खरां सांगलां आसतां तर बाबांनी परत सांगलां आसतां."

मी तिच्याकडे बघितलं.

"आठ दीस ते वाट बगी होते," ती म्हणाली. "तो येतलो, म्हणी होते. माका म्हणाले, तो इलो तर चाय कर, मी ताका सगळां परत सांगतंय. ताका तेच्याच आवाजात सांगांदे, पूण सारकां सांगांदे. मागीर म्हणाले, आता नाय येवचो. तेच्या उपरांत तेंनी तो विषयच सोडलो."

मी जवळजवळ वर्षभर उशिरा गेलो होतो. तिने ते टोचून बोलून दाखवलं नाही. चहा केला, मी घेतला, आणि यावेळी कप रिकामा करून आत नेऊन दिला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं आवाजाचं काम केलं. बाई थकल्यावर शिबिरात तिसऱ्या दिवसाचा धडा मीच शिकवू लागलो. पणजीला, डिचोलीला, एकदा पेडण्यालाही. नवे लोक दोन दिवसांत हुशार होतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घरी जायचं असतं, कुणाला काम मिळालेलं असतं. मी त्यांना अडवतो. काही थांबतात, काही थांबत नाहीत. जे थांबतात त्यांना मी बांधावरच्या एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या जागी बोललेल्या एका कलाकाराची गोष्ट सांगतो. कलाकार हा शब्दही माझाच. इतक्या शिबिरांत एकदाही मी 'तो मी' म्हटलेलं नाही. मुलं त्या कलाकाराला नावं ठेवतात, आणि मी त्यांच्याबरोबर मान हलवतो.